गाडी डावीकडे ओढते

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणी ‘वीकएंडला काय करता?’ असं विचारलं की मी हल्ली जरा जपूनच उत्तर देतो. टेनिस म्हटलं तर माना डोलतात, ढोल-ताशा पथक म्हटलं तर कौतुक होतं; पण ‘ट्राइक उडवतो’ म्हटलं की समोरच्याच्या हातातली पुरी ताटात आणि तोंडात यांच्या मध्येच थांबते. ‘म्हणजे ते तीन चाकांचं? उघडं? वर छत्री असलेलं?’ हो, तेच. ‘आणि घरचे काही म्हणत नाहीत?’ म्हणतात. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे!

हा लेख त्या ट्राइकच्या एका खोडीबद्दल आहे. ती खोड शोधता शोधता आमचा २०२३ सालचा अख्खा उन्हाळा गेला, आणि शेवटी ती सापडली ती एसटीच्या वर्कशॉपमधल्या एका प्रश्नामुळे.

आधी यंत्राची ओळख करून देतो. वर कापडाचा मोठा त्रिकोणी पंख, त्याच्याखाली एका बोल्टला लटकलेली तीन चाकांची गाडी, तीत एकामागे एक दोन माणसांची जागा, आणि पाठीमागे इंजिन व प्रोपेलर. या पंखाचं मूळ आपल्या शेजारच्याच व्हर्जिनियातलं. लँगलीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या फ्रान्सिस रोगॅलो यांनी पत्नी गर्ट्रूड यांच्यासह १९४८ मध्ये तो घरीच तयार केला. पहिल्या नमुन्यासाठी त्यांनी चक्क स्वयंपाकघरातल्या पडद्याचं कापड वापरलं होतं. १९५१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे अवकाशयान जमिनीवर आणण्यासाठी नासाने या पंखाचा विचार केला, पण मान मिळाला तो पॅराशूटला. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन यांनी या पंखाखाली त्रिकोणी दांडा बसवला आणि माणूस त्याला लटकून उडू लागला. त्या लटकणाऱ्या माणसाच्या जागी गाडी आणि इंजिन आलं की झाली ट्राइक. २००१ ते २०१५ या काळात विस्कॉन्सिनमध्ये वाढवलेल्या क्रौंच पक्ष्यांच्या पिल्लांना फ्लोरिडाची वाट दाखवायला जी उघडी विमानं पुढे उडत असत, ती ट्राइकच होती.

ट्राइकला शेपूट नाही, सुकाणू नाही. समोरचा दांडा डावीकडे ढकलला की गाडीचं आणि तुमचं वजन पंखाखाली उजवीकडे सरकतं आणि विमान उजवीकडे वळतं. दांडा पोटाकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. बस्स, एवढंच.

आता खोड. विमान तीन प्रकारे हलतं. हे समजावून सांगायला आपल्या मराठी माणसाची मान उत्तम. ‘हो’ म्हणताना मान वर-खाली होते, तशी विमानाची पहिली हालचाल. ‘नाही’ म्हणताना मान डावी-उजवीकडे फिरते, ती दुसरी. तिला यॉ म्हणतात. आणि अमेरिकन लोकांना कधीच न कळणारी आपली ती ‘बरं, बरं, बघू’ म्हणतानाची खांद्याकडे झुकणारी मान म्हणजे तिसरी. ट्राइकमध्ये तिसरी हालचाल आपल्या हातात असते. दुसरी नसते. नाक भरकटलं तर सरळ करण्याचं काम पंख स्वतःच करतो, कारण तो मागे झुकलेला असतो. नाक डावीकडे गेलं की उजवा पंख वाऱ्याला जास्त सामोरा येतो, त्याला जास्त अडथळा होतो आणि नाक पुन्हा जागेवर ओढलं जातं.

मी २०२२ च्या हिवाळ्यात घेतलेली सेकंडहँड ट्राइक पुढच्या वसंतात उडवायला लागलो, तेव्हा ती ‘नाही’ म्हणत होती. म्हणजे जायची सरळ, पण नाक डावीकडे करून, खेकड्यासारखी तिरकी. शिवाय ती डावीकडे झुकू नये म्हणून दांडा सतत थोडा ढकलून धरावा लागे. माझ्या प्रशिक्षकाने स्वतः उडवून पाहिली, त्यालाही तेच जाणवलं. घटना किरकोळ होती. अर्ध्या तासाने हात भरून येत, एवढंच. पण विमान जे करायला सांगितलेलं नाही ते करतं आहे, ही गोष्ट जमिनीवर जितकी किरकोळ वाटते तितकी तीन हजार फुटांवर वाटत नाही.

रालेपासून तासाभराच्या अंतरावर आमची गवताची धावपट्टी आहे. तिथे शनिवारी जमणारी मंडळी प्रेमळ आणि अनुभवी. सल्ला द्यायला तर पैसे पडतच नाहीत. एकाचं म्हणणं, ‘इंजिनाचा पीळ आहे. प्रोपेलर एका बाजूला फिरतो, गाडी दुसऱ्या बाजूला कलते. सगळ्याच ट्राइक थोड्याफार ओढतात, सवय होईल.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘डाव्या पंखाच्या टोकाच्या काड्या जरा आवळ, म्हणजे तो जास्त उचलेल. काम दहा मिनिटांचं.’ तिसऱ्याने मागे एक उभं पातं बसवायला सांगितलं.

दुसरा उपाय सगळ्यांत मोहात पाडणारा होता. पंखाच्या कापडात ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या काड्या असतात, त्यांच्यामुळे पंखाला आकार येतो. त्यांचा ताण बदलला की पंख बदलतो, हे अगदी खरं. पंखातच दोष असेल तर ट्राइक याच रीतीने सरळ करतात. पण पंख निर्दोष असेल आणि दोष दुसरीकडेच असेल, तर? तर एका चुकीसमोर दुसरी चूक उभी राहते. नेहमीच्या वेगात दोघी एकमेकींना तोलून धरतात आणि विमान सरळ चालल्यासारखं वाटतं. वेग बदलला की तोल जातो. सर्वांत कमी वेग असतो उतरताना. तिथे दोन बाजूंचे पंख सारखे नसतील तर एक पंख दुसऱ्याच्या आधी हवा सोडतो आणि त्या बाजूला विमान कोसळतं. त्या वेळी खाली जमीन वीस-तीस फुटांवर असते. सावरायला जागा नसते.

म्हणून मी एकही काडी आवळली नाही. आणि घरी जाहीर केलं की ही खोड सापडेपर्यंत मागच्या सीटवर कुणीही बसणार नाही. यात दोन जण नाराज झाले. एक माझी पंधरा वर्षांची मुलगी, आणि दुसरे माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा.

आई-बाबा त्या मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा एसटीत हेड मेकॅनिक होते; नोकरीची शेवटची बारा वर्षं सातारा डेपोत. विमान या वस्तूबद्दल त्यांना भीती नव्हती आणि आदरही नव्हता. त्यांच्या लेखी ती एक गाडी होती. ‘मला एकदा बसव, मग मी जातो’ एवढंच त्यांचं मागणं. परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचं होतं. आईने मात्र पहिल्याच दिवशी ‘मी बसणार नाही आणि बघणारही नाही’ असं सांगून विणकाम काढलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या नव्वद डिग्री उन्हाळ्यात ती लाल लोकरीचा स्वेटर विणत होती.

एका संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘घाट चढताना ओढते का उतरताना?’

मला आधी कळेना. मग ते म्हणाले, ‘अरे, ड्रायव्हर रोज लिहून जायचे, गाडी डावीकडे ओढते. तेवढ्यावर काय समजणार? मी विचारायचो, खंबाटकी चढताना ओढते का उतरताना? भरलेली असताना का रिकामी? ब्रेक दाबल्यावर का नुसती चालताना? ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर ब्रेक बघायचा. सारखीच ओढत असेल तर हवा बघायची, चाकं बघायची. ते न विचारता स्टिअरिंगला हात लावला तर गाडी सरळ जाती, पण टायर महिन्यात गुळगुळीत.’

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर पोट भरतो. आमच्याकडे यावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण इतक्या नेमक्या शब्दांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. घाट चढताना इंजिनावर जोर असतो आणि वेग कमी. उतरताना वेग जास्त आणि इंजिन मोकळं. सपाट रस्त्यावर मात्र जोर आणि वेग बरोबरच वाढतात, त्यामुळे गुन्हेगार कोण ते कळत नाही. घाट त्या दोघांना वेगळं करतो.

त्याच आठवड्यात, लाँग वीकएंडला, आम्ही सगळे समुद्रकाठी आउटर बँक्सला गेलो. पाहुणे आले की किल डेव्हिल हिल्सचं राइट बंधूंचं स्मारक दाखवायचं हा आपल्याकडचा रिवाजच आहे. १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाचे १२० फूट बाबांनी पावलांनी मोजले. पण मला त्या दिवशी आठवत होतं ते १९०२ साल. कारण नाक भलतीकडे वळण्याच्या या खोडीशी राइट बंधू याच वाळूत झगडले होते.

त्यांचं १९०१ चं ग्लायडर पंख पिळून वळवायला गेलं की कधी कधी नाक उलट्याच बाजूला वळवायचं. कारण जो पंख जास्त उचलतो तो हवेत जास्त अडकतोही, आणि मागे राहतो. यावर उपाय म्हणून १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे दोन उभी, पक्की पाती बसवली. जुनी खोड बरीच कमी झाली आणि नवी निघाली. ग्लायडर एका बाजूला घसरू लागलं की तीच पाती वारा धरून त्याला आणखी त्याच बाजूला फिरवत आणि खालचा पंख वाळूत रुतत असे. दोघे बंधू थट्टेने याला विहीर खणणं म्हणत. पाती वाईट नव्हती, पण ती सरसकट सगळीकडे चालणारी नव्हती. ऑक्टोबरमध्ये एका रात्री जास्त कॉफी झाल्यामुळे ऑरव्हिलला झोप येईना, तेव्हा त्याला सुचलं की पातं हलतं हवं. विल्बरने पुढे सुचवलं की ते पंख पिळण्याच्या दोरीलाच जोडू. तिथे कोड्याचं उत्तर मिळालं. दुरुस्ती लागू पडते की नाही यापेक्षा ती कोणत्या वेळी लागू पडते हा प्रश्न मोठा, हे सायकल दुरुस्त करणाऱ्या त्या दोन भावांना कळलं होतं, आणि एसटी दुरुस्त करणाऱ्या बाबांनाही.

घरी आल्यावर आम्ही आमचा घाट तयार केला. ट्राइकमध्ये ही सोय मुळातच आहे. वेग दांड्याने ठरतो, इंजिनाने ठरतं ते चढणं-उतरणं. म्हणजे जोर आणि वेग दोन वेगळ्या हातांत असतात. चार प्रयोग ठरवले. पूर्ण इंजिन आणि कमी वेग. पूर्ण इंजिन आणि जास्त वेग. इंजिन मंद आणि कमी वेग. इंजिन मंद आणि जास्त वेग. कमी म्हणजे ताशी ४५ मैल, जास्त म्हणजे ७०. दोन्ही माझ्या ट्राइकच्या मर्यादेच्या आतले.

नाक किती वळलं आहे हे डोळ्याला फसवं दिसतं. त्यासाठी ग्लायडरवाले वर्षानुवर्षं वापरतात ते साधन घेतलं: काचेच्या मधोमध चिकटवलेला लोकरीचा दोरा. ट्राइकचा प्रोपेलर मागे असल्यामुळे पुढे येणारा वारा स्वच्छ असतो, दोरा खरं बोलतो. विमान सरळ असेल तर दोरा मधल्या रेषेवर. नाक डावीकडे असेल तर दोऱ्याचं टोकही डावीकडे. लोकर अर्थात आईच्या गुंड्यातली. ‘स्वेटरला कमी पडली तर बघ’ असं म्हणून तिने वीतभर तोडून दिली.

सकाळी सातच्या आत, वारा पडलेला असताना, प्रशिक्षकाला बरोबर घेऊन तीन हजार फुटांवर चारही प्रयोग दोन दोन वेळा केले. कमी वेगात इंजिन पूर्ण असो वा मंद, दोरा जवळजवळ मध्ये. जास्त वेगात इंजिन पूर्ण असो वा मंद, दोरा स्पष्ट डावीकडे. इंजिनाचा पीळ कारण असता तर पूर्ण इंजिन आणि कमी वेग या प्रयोगात तो सर्वांत जास्त दिसायला हवा होता. म्हणजे इंजिन सुटलं! घाट चढताना ओढत नव्हती, उतरताना ओढत होती.

राहिले दोन संशयित: पंख आणि गाडी. दोऱ्याने इथेही मदत केली. पंखात डाव्या-उजव्याचा फरक असेल तर विमान झुकतं आणि वळू लागतं, पण पंख-गाडी मिळून वळतात, त्यामुळे दोरा फारसा हलत नाही. आमचं विमान सरळ जात होतं आणि दोरा बाजूला होता. बोट गाडीकडे होतं. तरी पंखाला नुसत्या तर्कावर सोडायचं नाही म्हणून दोन रविवार घालवून सगळ्या काड्या काढल्या आणि कंपनीच्या नकाशावर ठेवून एकेक ताडून पाहिली. हे काम मुलीने केलं. सगळ्या बरोबर निघाल्या. पंख लटकतो तो बोल्ट, त्याची बुशिंग, मधला खांब, इंजिनाखालचे रबर, सगळं पाहिलं. सगळं ठीक.

मग बाबा हँगरमध्ये आले. त्यांनी ओळंबा मागितला. अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानात ओळंबा मिळतो हे पाहून त्यांना या देशाबद्दल जरा बरं वाटलं. खांबापासून आणि पुढच्या टोकापासून ओळंबा सोडून त्यांनी फरशीवर खडूने मधली रेषा आखली, चाकांच्या दोन्ही बाजूंनी सुतळ्या ताणल्या आणि गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून पाहिलं. मागची चाकं बरोबर. त्यांच्यावरची फायबरची आवरणं बरोबर. पुढचं चाक बरोबर. पण पुढच्या चाकावरचं आवरण चाकाच्या रेषेत नव्हतं. अडीच फूट लांबीच्या त्या आवरणाचं मागचं टोक रेषेपासून सव्वा-दीड इंच उजवीकडे होतं. आत पाहिलं तर ते धरणारी एका बाजूची पट्टी किंचित वाकलेली होती. कधी वाकली कुणास ठाऊक. वाहून नेताना किंवा एखाद्या जोरदार उतरण्यात, मी घेण्याच्याही आधी. ‘हे तुझं सुकाणू,’ बाबा म्हणाले.

खरोखरच ते सुकाणू होतं, आणि तेही पुढे बसवलेलं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४५ वरून ७० वर गेलं की तो जवळजवळ अडीचपट होतो. नाक सरळ करणारी पंखाची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून कमी वेगात हे आवरण गप्प आणि जास्त वेगात बोलकं.

बाबांचं शिस्तीचं दुसरं कलम: ‘एका वेळी एकच.’ आधी आवरण पूर्ण काढून उडवलं. सत्तरला दोरा मध्ये. मग नवी पट्टी बसवली, एका बाजूला एक वायसर देऊन आवरण सुतळीच्या रेषेत आणलं, परवानाधारक मेकॅनिककडून तपासून घेतलं, लॉगबुकात नोंद केली आणि पुन्हा चारही प्रयोग केले. चारही वेळा दोरा मध्ये. एकूण खर्च पट्टीचा आणि वायसरचा. त्या जूनमध्ये मी काड्या आवळल्या असत्या तर सगळ्यांनी पाठ थोपटली असती, आणि वाकडी पट्टी व वाकडा पंख दोन्ही घेऊन मी मुलीला मागे बसवलं असतं.

आमच्या धंद्यात असे प्रसंग रोज येतात. रिपोर्टमध्ये आकडा दोनने जास्त येतो, कुणीतरी शेवटी दोन वजा करतो, ग्राहक खूश. वर्षाअखेरीला आकडा भलताच येतो आणि ते दोन कुणी, का वजा केले हे कुणालाच आठवत नसतं. तिथे रात्रीचा फोन येतो, माणूस जात नाही. एसटीत मात्र चाळीस माणसं बसलेली असायची. ‘कधी होतं?’ हे आधी विचारण्याची बाबांची सवय तिथली आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी बाबा मागच्या सीटवर बसले. हेल्मेट, जॅकेट, गळ्यात मफलर. धुकं उठलेलं, खाली तंबाखूची शेतं, पाइनची रानं, दूरवर तळ्यावरचा चकचकाट. मला वाटलं काहीतरी बोलतील. दहा मिनिटं इंटरकॉमवर आवाजच नाही. मग एकदम, ‘हात सोड बघू.’ मी दांडा सोडला. ट्राइक आपली आपण सरळ चालत राहिली. त्यांनी मागून थोडा वेळ बघितलं असावं. मग म्हणाले, ‘हं. आता पासिंगला द्यायला हरकत नाही.’

आई शेवटपर्यंत बसली नाही आणि ठरल्याप्रमाणे बघायलाही आली नाही. स्वेटर मात्र पुरा झाला, लोकर पुरली. उरलेला गुंडा ती जाताना माझ्या टेबलावर ठेवून गेली. उन्हाने दोरा विटतो आणि तुटतो, म्हणून दर वसंतात मी नवा चिकटवतो. गुंडा अजून बराच शिल्लक आहे.